ऑगस्टमध्ये लागणारा निकाल : डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघाचे प्रकरण

२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, १३ व्या संसदीय मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान, झाली. रिंगणात नऊ जण होते. बेळगावात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक श्री ठाणेदार यांना सुमारे २२,३०० मते पडली, म्हणजे २८.३ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरचे राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांना सुमारे १८,५०० (२३.५ टक्के) आणि तिसऱ्या पोर्शा रॉबर्सन यांना सुमारे १३,३०० (१७ टक्के) मते मिळाली. उरलेल्या सहा जणांत मिळून ३१ टक्क्यांच्या आसपास मते वाटली गेली. विजेत्याच्या वाट्यापेक्षा ती जास्त होती.

तीन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ठाणेदारांना सुमारे १ लाख ६६ हजार मते, म्हणजे ७१ टक्के मिळाली आणि ते संसदेत गेले. नोव्हेंबरचा हा निकाल ऑगस्टमध्येच ठरलेला होता. हा मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक आहे की त्या पक्षाचे तिकीट ज्याच्या हाती, त्याची जागा.

प्रत्येक संसदीय मतदारसंघात सुमारे ७ लाख ७५ हजार लोकसंख्या असते. त्यातल्या शंभरात तिघांपेक्षा कमी लोकांच्या मतांवर ही जागा ठरली. मराठी बातम्यांत ठाणेदारांच्या विजयाचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु कमी मतदान नेमके काय करते, कुणाला बळ देते आणि कुणाच्या हातून काय निसटते, हे समजून घ्यायला हे प्रकरण उत्तम आहे, आणि ती बाजू फारशी मांडली गेली नाही.

तिकीट कोण देते

आपल्याकडे पक्षश्रेष्ठी एबी फॉर्म देतात आणि उमेदवार ठरतो. मिशिगनमध्ये तिकीट मतदार देतात, आणि तेही सरकारी यंत्रणेने घेतलेल्या मतदानातून. राज्यात पक्षनिहाय मतदार नोंदणी नाही. ऑगस्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एकच मतपत्रिका पडते. तिच्यावर शेजारीशेजारी दोन पक्षांचे रकाने असतात आणि मतदाराने कोणत्याही एकाच रकान्यात राहायचे असते. एका पदासाठी डाव्या रकान्यातले आणि दुसऱ्या पदासाठी उजव्या रकान्यातले लंबगोल रंगवले, तर पक्षीय पदांची त्याची सगळी मते बाद होतात. मतदान केंद्रावर यंत्र अशी पत्रिका परत देऊन सावध करते आणि नवी पत्रिका मिळू शकते. घरून टपालाने पाठवणाऱ्याला ही सोय नाही. त्याची पत्रिका तो नसताना मोजली जाते, त्यामुळे चूक तशीच राहते. नोव्हेंबरमध्ये वाटेल तसे पक्ष बदलून मत देण्याची सवय असलेला माणूस ऑगस्टमध्ये इथेच फसतो.

दुसरी अट विजयाची. मिशिगनमध्ये निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही, दुसरी फेरीही नाही. ज्याची मते सर्वांत जास्त, तो विजयी. बहुरंगी लढतीत २८ टक्के पुरतात ते यामुळे.

तिसरी गोष्ट तारखेची. मतदान ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. शाळांना उन्हाळी सुट्टी, लोक गावाबाहेर, आणि अध्यक्षपदाची किंवा राज्यपालपदाची अंतिम लढत अजून तीन महिने दूर. या दिवशी जो येतो तो सवयीने येतो : वयाने मोठा, एकाच घरात वर्षानुवर्षे राहणारा, पालिकेच्या निवडणुकीलाही न चुकणारा. भाड्याच्या घरात राहणारा, दर दोन वर्षांनी पत्ता बदलणारा, पाळीत काम करणारा मतदार नोव्हेंबरमध्ये दिसतो आणि ऑगस्टमध्ये दिसत नाही.

जागा रिकामी कशी झाली

२०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी झाली आणि १४ चे १३ मतदारसंघ झाले. सीमा आखण्याचे काम पहिल्यांदाच नागरिकांच्या १३ सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे होते. २०१८ साली मतदारांनीच राज्यघटनेत बदल करून तो निर्माण केला होता. पूर्वी डेट्रॉइटमधल्या दोन्ही संसदीय मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून अधिक होते. नव्या नकाशात शहराचे भाग उपनगरांशी जोडले गेले आणि दोन्हीकडे हे प्रमाण निम्म्याखाली आले. नव्या १३ व्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग, श्रीमंत ग्रॉस पॉइंट वस्त्या आणि दक्षिणेकडची टेलर, रोम्युलस, लिंकन पार्क यांसारखी कामगारांची गावे एकत्र आली.

जानेवारी २०२२ मध्ये खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. डेट्रॉइटच्याच दुसऱ्या खासदार रशीदा तलीब यांनी शेजारचा नवा १२ वा मतदारसंघ निवडला. १३ वी जागा मोकळी झाली, आणि मोकळ्या, पक्क्या जागेला अर्जांची रीघ लागतेच.

शहरातल्या नेत्यांना धोका दिसत होता. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज खासदार झाल्यापासून डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत सलग होता. हे शहर तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय आहे. डेट्रॉइट ज्यात येते त्या वेन काउंटीचे (जिल्ह्याचे) प्रमुख वॉरन एव्हन्स यांच्या पुढाकाराने एका समितीने इच्छुकांना पारखून हॉलियर यांच्यामागे उभे राहण्याचे आवाहन केले. महापौर माइक डगन यांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. बाकीच्यांनी माघार घेतली नाही.

इथे एक तांत्रिक तारीख महत्त्वाची ठरते. अर्ज भरायची मुदत १९ एप्रिल होती आणि माघारीला त्यानंतर फक्त तीन दिवस मिळतात. नंतर कुणी जाहीर सभेत माघार घेतली तरी नाव मतपत्रिकेवर राहते आणि त्या नावाला मते पडतच राहतात. एकजुटीची बोलणी करायची तर ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याआधी संपवायला हवीत. जुलैमध्ये केलेल्या एकजुटीचा फारसा उपयोग नसतो.

चार वर्षांपूर्वीची जोडनिवडणूक

२०२२ चा निकाल नीट वाचायचा तर ७ ऑगस्ट २०१८ चा दिवस आधी वाचावा. राजकीय अभ्यासकांना असा योग क्वचित मिळतो.

खासदार जॉन कॉन्यर्स यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला होता. जुन्या सीमांच्या १३ व्या मतदारसंघात उरलेल्या काही आठवड्यांसाठीची पोटनिवडणूक आणि पुढच्या पूर्ण मुदतीची निवडणूक, अशा दोन्ही प्राथमिक फेऱ्या एकाच दिवशी झाल्या. केंद्र तेच, मतदार तेच, मतपत्रिकाही तीच. फरक एवढाच की पूर्ण मुदतीसाठी सहा डेमोक्रॅट होते आणि पोटनिवडणुकीत त्यांतले चार.

पूर्ण मुदतीच्या लढतीत रशीदा तलीब यांना २७,८४१ मते (३१.२ टक्के) आणि नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स यांना २६,९४१ (३०.२ टक्के) मिळाली. तलीब ९०० मतांनी जिंकल्या. पोटनिवडणुकीत जोन्स यांना ३२,७६९ (३७.७ टक्के) आणि तलीब यांना ३१,१२१ (३५.९ टक्के). इथे जोन्स जिंकल्या. त्याच दिवशी, त्याच माणसांनी, त्याच जागेसाठी दोन वेगळे विजेते निवडले.

पोटनिवडणुकीत नव्हते ते कोलमन यंग दुसरे आणि शनेल जॅक्सन. पूर्ण मुदतीच्या लढतीत या दोघांनी मिळून सुमारे १६,००० मते घेतली होती. पोटनिवडणुकीत ती कुठे गेली ते मोजता येते. जोन्स यांची मते सुमारे ५,८०० नी वाढली, इयन कॉन्यर्स यांची ३,९०० नी, तलीब यांची ३,३०० नी आणि वेस्टलँडचे महापौर बिल वाइल्ड यांची जेमतेम ५०० नी. सुमारे २,५०० मते कुणालाच मिळाली नाहीत. लोकांनी तो रकाना कोराच सोडला. हा निव्वळ हिशेब आहे, कारण कुणी इकडून तिकडे आणि कुणी तिकडून इकडे गेले असेल. तरी कल स्पष्ट आहे. यंग आणि जॅक्सन यांचे मतदार जोन्स यांच्या अधिक जवळचे होते, आणि त्यांचे नेते मतपत्रिकेवर राहिल्यामुळे जोन्स यांची पूर्ण मुदतीची जागा गेली.

एवढ्यावरून मतविभागणीला सगळा दोष द्यायचा मोह होतो, पण तो टिकत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तलीब आणि जोन्स सरळ दुरंगी लढतीत समोरासमोर आल्या. मतदान वाढून १ लाख ८ हजारांवर गेले आणि तलीब ६६.३ टक्के मते घेऊन जिंकल्या. दोन वर्षांची खासदारकी आणि घराघरापर्यंतची बांधणी एवढ्या काळात ९०० मतांची आघाडी ३५,००० वर नेऊ शकते. पहिला विजय काठावरचा असला तरी त्यातून मिळणारे पद काठावरचे नसते. कमी मतदानाच्या एका ऑगस्टचा परिणाम पुढच्या कित्येक ऑगस्टांना पुरतो, तो असा.

२०२२ मध्ये लोक का आले नाहीत

मतपत्रिकेच्या माथ्यावर काय आहे, त्यावर लोक येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक रकान्याच्या माथ्यावर राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर बिनविरोध होत्या. चुरस होती ती शेजारच्या रिपब्लिकन रकान्यात. तिथे दहा जणांनी अर्ज भरले, बनावट सह्यांच्या प्रकरणात पाच बाद झाले आणि उरलेल्या पाचांतून ट्यूडर डिक्सन पुढे आल्या. डेट्रॉइटच्या डेमोक्रॅट मतदाराला घराबाहेर काढणारी मोठी राज्यस्तरीय लढत नव्हती. राज्यभर सुमारे २१ लाख लोकांनी मतदान केले. नोव्हेंबरमध्ये ते ४५ लाखांच्या घरात गेले. म्हणजे ऑगस्टची ओहोटी सगळ्या राज्याची आहे, ती एकट्या डेट्रॉइटच्या माथी मारू नये.

त्याच दिवशी कॅन्ससमध्ये उलटे घडले. तिथे गर्भपाताच्या हक्काबाबतची घटनादुरुस्ती प्राथमिक निवडणुकीसोबत मताला टाकली होती, आणि नऊ लाखांहून अधिक लोक आले. तोच प्रश्न मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर होता. ऑगस्टमध्येही माणसे येतात, मात्र त्यांना यावेसे वाटेल असे काहीतरी पत्रिकेवर हवे.

प्रचार कार्यालयातला हिशेब

गर्दीच्या प्राथमिक निवडणुकीत पहिले काम असते ते विजयाचा आकडा काढण्याचे. मागच्या दोन-तीन ऑगस्टांचे आपल्या पक्षाच्या रकान्यातले एकूण मतदान घ्यायचे, राज्यपालपदाची चुरस असलेले आणि नसलेले वर्ष वेगळे करायचे. मग उमेदवार किती हे पाहून पहिल्याला किती टक्के पुरतील याचा अंदाज बांधायचा. एकूण ८०,००० मतदान आणि नऊ उमेदवार धरले, तर २८ ते ३२ टक्के, म्हणजे २२,००० ते २६,००० मते. नोव्हेंबरच्या हिशेबात हा आकडा काहीच नाही. एका मध्यम नगरपालिकेत तो भरेल.

आकडा लहान असला की पैशाचा भाव वाढतो. दीड लाख लोकांचे मन वळवायला संघटना लागते. बावीस हजार लोकांच्या मनात आपले नाव पक्के करायला वारंवार जाहिरात आणि टपालपेटीत पडणारी पत्रके पुरतात. ठाणेदारांनी स्वतःचे पन्नास लाख डॉलरहून अधिक घातले. डेट्रॉइटच्या दूरचित्रवाणीचा पट्टा आग्नेय मिशिगनच्या कितीतरी मतदारसंघांवर पसरलेला आहे. तिथली जाहिरात घेतली की पैशांचा मोठा भाग शेजारच्या मतदारसंघांतल्या प्रेक्षकांवर जातो, म्हणून साधा उमेदवार त्या वाटेला जातच नाही. ज्याला ते परवडते त्याला मैदान मोकळे मिळते.

त्यांचे नाव मुळात नवे नव्हते. २०१८ मध्ये ते राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले होते. व्हिटमर आणि अब्दुल एल-सय्यद यांच्यामागे तिसरे आले, तरी राज्यभर १७.७ टक्के मते मिळाली आणि डेट्रॉइट शहरातला त्यांचा वाटा त्याहून बराच मोठा होता. २०२० मध्ये ते शहरातून राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, तेही गर्दीच्या प्राथमिक फेरीतून. २०२२ ला बाकीचे उमेदवार स्वतःची ओळख करून देत होते, तेव्हा त्यांची ओळख चार वर्षे जुनी झाली होती. केवळ पैशांनी जागा घेतली असे म्हणणे अर्धवट आहे. पैसा आधी लावला, पहिली लढत हरल्यावरही माणूस शहरात टिकून राहिला आणि लोकांना भेटत राहिला, हेही त्यात येते. उलट बाजूलाही पैसा कमी नव्हता. इस्रायलसमर्थक गट आयपॅकच्या राजकीय निधीने हॉलियर यांच्यासाठी चाळीस लाख डॉलरहून अधिक खर्च केले आणि तरी ते हरले.

दुसरे काम यादीचे. मतदारयादीत कुणी कधी मतदान केले याची नोंद असते, कुणाला केले याची नसते. मागच्या चार ऑगस्टांपैकी चारही वेळा आलेले, तीनदा आलेले, एकदा आलेले असे गठ्ठे केले जातात. मिशिगनमध्ये ऑगस्टच्या मतदानात मतदाराने कोणता रकाना निवडला ते यादीत येत नाही. अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत मात्र कोणत्या पक्षाची पत्रिका मागितली त्याची नोंद होते. त्यामुळे २०२२ ला काम करणाऱ्यांनी मार्च २०२० ची ती नोंद आणि मतदाराचा पत्ता एकत्र करून डेमोक्रॅट कोण याचा अंदाज बांधायचा असतो.

बिघाड सुरू होतो तो इथे. पैसा आणि माणसे मोजकी, म्हणून दारावर जायचे ते चारपैकी तीनदा येणाऱ्यांच्या. एकदाच आलेल्याकडे कुणी जात नाही. त्याला पत्रक नाही, फोन नाही, ऑगस्टमध्ये काही आहे हेही त्याला कळत नाही. तो येत नाही, आणि पुढच्या यादीत आणखी खालच्या गठ्ठ्यात जातो. एकेका उमेदवाराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच असतो. नऊच्या नऊ जण तो घेतात तेव्हा मतदार आटतो.

तिसरे काम टपाली मतांचे. २०१८ च्या घटनादुरुस्तीनंतर मिशिगनमध्ये कारण न देता कुणालाही टपाली मत देता येते. मतपत्रिका मतदानाच्या ४० दिवस आधी उपलब्ध होतात, म्हणजे २ ऑगस्टसाठी २३ जूनपासून. पत्रिका कुणी मागितली आणि कुणाची परत आली याच्या याद्या क्लार्कच्या, म्हणजे स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून मिळतात. सावध यंत्रणा रोज ती यादी घेते, परत आलेल्यांची नावे खोडते आणि उरलेल्यांना फोन करते. ज्यांनी प्रचाराचा कळस जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवला, त्यांचा आवाज पोहोचेपर्यंत बरीच पाकिटे बंद होऊन परत गेलेली असतात. नऊ नावांच्या पत्रिकेत जूनअखेर ओळखीचे वाटणारे नाव पुढे राहते.

मतदान वाढले असते तर

या निकालानंतर सर्वांत जास्त ऐकू आलेले वाक्य होते, ‘आपली माणसे बाहेर पडली असती तर.’ ते तपासून पाहता येते.

पहिल्या दोघांत फरक सुमारे ३,८०० मतांचा. नवे मतदार जुन्यांसारखेच मत देणारे असतील, तर दुप्पट आले तरी क्रम बदलत नाही. फरकही दुप्पट होतो, एवढेच. निकाल फिरवायचा तर नव्यांचा कल वेगळा हवा. सूत्र साधे आहे : मतांचा फरक भागिले नव्या मतदारांतली निव्वळ आघाडी. नव्यांत हॉलियर दहा टक्क्यांनी पुढे असते, तर ३८,००० नवे मतदार लागले असते, म्हणजे एकूण मतदान जवळजवळ निम्म्याने वाढायला हवे होते. पंचवीस टक्क्यांनी पुढे असते, तर १५,२०० पुरले असते, तरी ती वाढ सुमारे १९ टक्क्यांची. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत देणारे आणि ऑगस्टमध्ये न आलेले अंदाजे ८८,००० लोक होते. माणसे उपलब्ध होती. त्यांना बाहेर काढायची यंत्रणा मात्र एकाही उमेदवाराकडे नव्हती.

आता दुसरी वाट मोजू. रॉबर्सन यांचे नाव पत्रिकेवर नसते तर त्यांची १३,३०० मते कुठे गेली असती? त्यांत हॉलियर यांना ठाणेदारांपेक्षा २९ टक्के अधिक मिळाली असती तर फरक मिटला असता. समजा ६० टक्के हॉलियर यांना, २० टक्के ठाणेदारांना आणि बाकी इतरांना, तर हॉलियर सुमारे १,५०० मतांनी जिंकले असते. ही गृहीतके आहेत, आणि रॉबर्सन यांना तसे वागण्याचे काही कारण नव्हते. तेरा हजार लोकांनी त्यांना निवडले होते. तरी दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की लक्षात येते की एका उमेदवाराची एप्रिलमधली माघार ही पंधरा ते अडतीस हजार नवे मतदार आणण्याच्या तोडीची होती. कमी मतदान आणि मतविभागणी ही दोन वेगळी दुखणी म्हणून मांडली जातात. प्रत्यक्षात पहिले असते तेव्हाच दुसरे एवढे महाग पडते.

दुसरी फेरी घेणे हा उपाय वरवर सोपा वाटतो. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत निम्मी मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. तिचा अनुभव असा की दुसऱ्या फेरीला सहसा आणखी कमी लोक येतात. ठळक अपवाद मिसिसिपीचा. जून २०१४ मध्ये तिथल्या रिपब्लिकन सिनेट लढतीत पहिल्या फेरीला सुमारे ३ लाख १९ हजार लोक आले आणि विद्यमान सिनेटर थॅड कॉक्रन सुमारे १,४०० मतांनी मागे पडले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीला सुमारे ३ लाख ८२ हजार आले आणि ते सुमारे ७,७०० मतांनी जिंकले. त्यांच्या बाजूने कृष्णवर्णीय मतदारांना, म्हणजे एरवी डेमोक्रॅट असणाऱ्यांना, उघड आवाहन झाले होते. तिथेही पक्षनिहाय नोंदणी नाही. अडसर एकच होता : पहिल्या फेरीत ज्याने डेमोक्रॅटिक पत्रिका घेतली त्याला दुसरीत रिपब्लिकन घेता येत नव्हती. डेमोक्रॅटिक फेरीला जेमतेम ८६ हजार लोक आले असल्यामुळे बाकीचे मोकळे होते. एका पक्षाच्या ओस प्राथमिक निवडणुकीने दुसऱ्या पक्षाचा निकाल फिरवला.

नकाशा आखणाऱ्यांची चूक

मतदानाचा हा मुद्दा पुढे न्यायालयातही आला, संसदीय नकाशाच्या नव्हे तर राज्य विधिमंडळाच्या नकाशाच्या निमित्ताने. डेट्रॉइटच्या रहिवाशांनी आयोगाविरुद्ध दावा लावला आणि २१ डिसेंबर २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, प्रतिनिधिगृहाचे सात आणि सिनेटचे सहा. मूळ दोष वंशाच्या आधारे सीमा आखल्याचा होता. आमच्या दृष्टीने निकालपत्रातला सर्वांत मोलाचा भाग आयोगाच्या तज्ज्ञांबद्दलचा आहे. कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण कमी केले तरी त्यांचा पसंतीचा उमेदवार निवडून येईल, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला तो नोव्हेंबरच्या निकालांच्या जोरावर. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइट परिसरात गोरे आणि कृष्णवर्णीय डेमोक्रॅट एकाच नावाला मत देतात, म्हणून ३५ ते ४० टक्के प्रमाणही पुरेसे वाटते. ऑगस्टमध्ये मतदार निम्म्याहून कमी होतात, दोन्ही गटांची पसंती वेगळी असते, आणि खरी निवड तिथेच होते. ऑगस्टचा पुरेसा अभ्यास न करता नकाशा आखला गेला.

असा अभ्यास दुसऱ्या कुठल्या मतदारसंघाचा करायचा तर किमान एवढे मिळवावे : मागच्या तीन ऑगस्टांचे पक्षनिहाय एकूण मतदान, त्याच वर्षांचे नोव्हेंबरचे आकडे, केंद्रनिहाय निकाल, टपाली आणि प्रत्यक्ष मतांची वेगळी मोजणी, आणि त्या लढतीत कोरे सोडलेले रकाने. शेवटची गोष्ट बहुतेकदा राहून जाते. मतदार केंद्रापर्यंत आला आणि तरी नऊ नावांपुढे त्याने हात आखडला, हे घरी बसण्यापेक्षा वेगळे आहे. त्याचे कारण माहितीचा अभाव हे असते आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे.

१३ व्या संसदीय मतदारसंघाच्या सीमा त्या निकालाने बदलल्या नाहीत. २०२४ ला ठाणेदार त्याच सीमांत पुन्हा उभे राहिले आणि हॉलियर यांनी पुन्हा तयारी केली. या वेळी गर्दी नव्हती, खरा सामना या दोघांतच होण्याची शक्यता होती. संसदेसाठीच्या अर्जाला मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. जाणकार दीडपट ते दुप्पट गोळा करतात, कारण पत्ता मतदारसंघाबाहेरचा, नोंदणी नसलेली, तारीख चुकलेली अशा सह्या गळतातच. हॉलियर यांनी दीड हजारांहून थोड्या अधिक भरल्या. ठाणेदारांनी आक्षेप घेतला, तपासणीत सह्या गोळा करणाऱ्यांच्या कागदांवर बनावटीचा संशय आला आणि वेन काउंटीच्या क्लार्कने ८६३ सह्या वैध ठरवल्या. १३७ कमी पडल्या. मे महिन्यात हॉलियर यांचे नाव पत्रिकेवरून गेले आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या तिघांत ठाणेदार निम्म्याहून अधिक मते घेऊन जिंकले.